आतून कडी

घर बांधलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.
व्हरांड्याचे खांब दिरांनी ठरवले,
हॉलचा निळा रंग सासऱ्यांच्या एका मित्राने,
आणि स्वयंपाकाचा ओटा
म्हापशाहून आलेल्या एका माणसाने,
ज्याने जन्मात कधी भात वेळला नसावा.
तीस वर्षं त्या ओट्याच्या उंचीशी
माझी कंबर भांडते आहे.

यंदा न्हाणी गळायला लागली.
सगळे कामात होते,
म्हणून ती माझ्या वाट्याला आली.

मुलाने फोनवर चित्रं पाठवली:
संगमरवर दिसणारी, संगमरवर नसलेली फरशी,
आरशामागे दिवे,
जणू आत कुणाचं लग्न लागतंय.
छान आहे रे, मी म्हटलं,
आणि शिरोड्याच्या बाजारातून तशीच पुढे
गुणो च्यारींच्या पत्र्याच्या शेडपाशी जाऊन उभी राहिले.

काय करायचंय, बाई?
जे आहे तेच दिसेल असं काहीतरी.
लाकूड असेल तर लाकूड.
सांधा असेल तर सांधा दिसू दे.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"दिसणारा सांधा महाग पडतो," म्हणाले,
"लपवायचा असला की काहीही चालतं."

बोरीचा पूल ओलांडून रायचा रुझार आला,
दोन दिवस गुडघ्यांवर बसून
तांबडी जमीन घोटत राहिला.
मग एक तांब्या पाणी ओतलं
आणि हात बांधून गप्प उभा, चर्चमध्ये असावा तसा,
पाणी कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत
आपलं आपण चालत जाईपर्यंत.

पांढऱ्या टाइल्स खांद्यापर्यंत, मी सांगितलं.
"कुणाच्या खांद्यापर्यंत?"
हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.
माझ्या, म्हटलं,
आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले.
त्याने खडूने रेघ ओढली.
या घरात कुठेतरी
माझं माप पहिल्यांदा लिहिलं गेलं.

रेघेवर फणसाच्या लाकडाची पट्टी, पिवळीधमक,
तिला खुंट्या. खिळा एकही नाही.
माणसं तीन, खुंट्या चार.
चौथी कशाला, ह्यांनी विचारलं.
असू दे.
खिडकीला भंगारवाल्याकडून आणलेले शिंपल्यांचे तुकडे,
उजेड येतो, डोळे येत नाहीत.
एक तुकडा तडकलेला होता, तोही बसवला.

"हे जुनं वाटतंय," हे म्हणाले.
नवीन आहे, मी म्हटलं.
"मग नवीन का नाही वाटत?"
याचं उत्तर पंपाने दिलं, तेवढ्यात तो बंद पडला.

खरं सांगायचं तर
घरात आतून कडी लागणारी
आणि लावली तरी कुणी कारण न विचारणारी
खोली ही एकच.
दुपारी बादली भरत ठेवते
आणि गुणो च्यारींच्या बुटक्या स्टुलावर नुसती बसते.
स्टूल किंचित डुलतं.
जमीन सरळ आहे, असं रुझार म्हणतो.
स्टूल सरळ आहे, असं गुणो म्हणतात.

परवा साबण निसटला, उचलायला वाकले
तर फळीच्या पोटाला पेन्सिलीची अक्षरं.
घासायचं राहून गेलं असणार:
बांगडे १५०
सुंगटं २००
पाव ४०
खाली रेघ. रेघेखाली ३८०.

एवढे नेमके सांधे जुळवणारा माणूस!
मी पुन्हा बेरीज केली, बोटांवर.
दहा रुपये कुठे गेले,
मासेवालीने घेतले की त्यांनी बायकोला कमी सांगितले,
बादली भरून वाहायला लागली तरी विचार करत होते.

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.
पाणी आपलं आपण जाळीकडे चाललं होतं.
हिशेबाचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
फळीला पॉलिश करायला माणूस आला होता,
त्याला म्हटलं, वरून कर.
खालून राहू दे.